नूरबीला काही त्रास नव्हता

नूरबीचं आणि माझं कधी पटलं नाही, आणि यापुढे पटेल अशी आशाही मी ठेवलेली नाही. ती माझ्याबद्दल जिथे तिथे वाईट बोलते हे मला माहीत आहे. मीही काही तिचे गोडवे गायला बसलेले नाही. पण आमच्या ऑफिसातल्या कुणीतरी तिच्याबद्दल लिहायला हवं, आणि बाकीचे सगळे मूग गिळून बसणारे, म्हणून मी लिहिते.

आमचं ऑफिस बुलढाण्यातलं एक सरकारी ऑफिस. कोणतं ते सांगत नाही, सांगितलं तर उद्या माझ्याकडून लेखी खुलासा मागतील. इमारत फार जुनी नाही, पण ठेकेदाराने ती बांधतानाच म्हातारी करून ठेवली होती. उतारावर असल्यामुळे पुढून दोन मजली दिसते आणि मागून तीन. मागचा तो तिसरा, खालचा मजला म्हणजे रेकॉर्ड रूम, आणि तिला लागून आम्हा कारकुनांचा हॉल. वरच्या संडासाचा पाइप नेमका रेकॉर्ड रूमच्या भिंतीतून खाली आलेला, आणि गळका. ती भिंत आधी ओली झाली, मग हिरवी, मग काळी. तिच्यासमोर लाल कापडात बांधलेले जुन्या कागदांचे गठ्ठे छतापर्यंत रचलेले, आणि वाळवी लागू नये म्हणून दरवर्षी त्यांच्यावर पांढरी पावडर मारायची पद्धत. मारलेली पावडर झाडायची पद्धत मात्र नव्हती.

खिडक्या होत्या, पण त्यांना पत्रे ठोकलेले. त्याला कारण माकडं. मी नोकरीला लागण्याच्या आधी कधीतरी एका वानराने जमिनीच्या एका प्रकरणाची फाइल उचलून समोरच्या लिंबावर नेली आणि वर बसून तिचं एकेक पान सावकाश फाडून खाली सोडलं. तेव्हाच्या साहेबांनी त्याच आठवड्यात सगळ्या खिडक्या बंद करून टाकल्या. माकडांचा बंदोबस्त झाला, आणि आमचाही झाला.

सकाळी आत शिरताना काही वाटायचं नाही. दुपारपर्यंत डोकं जड व्हायचं, डोळे चुरचुरायचे, घशात काहीतरी अडकल्यासारखं राहायचं. रविवारी घरी सगळं ठीक, सोमवारी पुन्हा तेच. माझ्या शेजारच्या टेबलावर प्रसेनजित नावाचा मुलगा होता. नोकरीला लागला तेव्हा रोज संध्याकाळी कबड्डी खेळायला जायचा. वर्ष उलटलं तेव्हा त्याच्या खिशात दम्याचा पंप आला, आणि त्यानंतरच्या हिवाळ्यात एक दिवस तो टेबलावरच मान टाकून बसला. त्याला दवाखान्यात पोचवून परत आले आणि मी निवेदन लिहायला घेतलं. मला राग आला की मी लिहिते, ही माझी जुनी खोड आहे.

आता नूरबीकडे येते. ती रेकॉर्ड रूमची शिपाई. बाजूच्या देऊळघाट गावची. आम्ही निदान हॉलमध्ये बसायचो, ती मात्र त्या काळ्या भिंतीला पाठ लावून, स्टूलवर. तिच्या आधी त्याच खोलीत तिचा नवरा कय्यूम गठ्ठे बांधायचं काम करायचा. तो नोकरीत असतानाच गेला आणि त्याच्या जागी अनुकंपावर नूरबीला घेतलं. उंच, हाडकुळी बाई, आणि जिभेला हाड नाही. फाइल मागायला गेलं की दारात उभं ठेवायची. चिठ्ठी दिली तर अक्षर वाईट म्हणायची, तोंडी सांगितलं तर चिठ्ठी मागायची. मला ‘सारिकाबाई’ म्हणायची, पण ते अशा सुरात की त्यापेक्षा नुसतं सारिका बरं वाटावं.

शिव्या तर विचारू नका. पण तिची शिवी कधी पुरी व्हायची नाही. निम्म्यातच तिला खोकला यायचा, ती भिंतीला हात टेकून वाकायची, डोळ्यांतून पाणी यायचं, आणि खोकला थांबेपर्यंत पुढचं विसरलेली असायची. पोरं मागून म्हणायची की नूरबीची अर्धी शिवी उधार राहिली. मीही हसायचे. तिच्यावर हसण्याची संधी कुणी सोडत नव्हतं, कारण तिने कुणाला सोडलं नव्हतं.

निवेदनावर सगळ्यांनी सह्या केल्या. प्रसेनजितने दवाखान्यातल्या खाटेवरून केली. एकटी नूरबी राहिली. मी कागद घेऊन तिच्यापुढे गेले. तिने तो वाचला, उलटून पाहिला आणि परत माझ्या हातात दिला.

“मले काई तरास नाई,” ती म्हणाली, आणि खोकत सुटली.

मी तिथेच वाट पाहत उभी राहिले. खोकला थांबल्यावर तिने तेच वाक्य पुन्हा म्हटलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सगळ्यांना वाटलं की ती साहेबांच्या गोटातली आहे. साहेब तिला सणाला साडी देतात इथपासून तिला वर बदली हवी आहे इथपर्यंत लोक बोलले. त्या दिवसापासून हॉलमध्ये तिच्याशी कुणी बोलेना. तिनेही कुणाची मनधरणी केली नाही. फाइल मागितली की ती फाइल टेबलावर आपटायची, आणि त्यातून जी पावडर उडायची ती आमच्या नाकात जायची.

निवेदनावरून पाहणी समिती आली. बांधकामाचे एक इंजिनिअर, आरोग्य खात्याचे एक डॉक्टर, आणि एक गृहस्थ नुसतेच आलेले. साहेबांनी आदल्या दिवशी भिंतीला चुना मारून घेतला होता आणि सकाळपासून मोगऱ्याचा फवारा मारायला लावला होता. हॉलला मोगऱ्याचा आणि संडासाचा, दोन्ही वास सारखेच येत होते. साहेब समितीला म्हणाले की तक्रार करणारे सगळे बाहेर हॉलमध्ये बसतात, प्रत्यक्ष आत बसणारी कर्मचारी एकच आहे, तिलाच विचारा.

डॉक्टरांनी विचारलं. नूरबी स्टूलवरून उठून उभी राहिली. श्वासाला त्रास होतो का, खोकला येतो का, असं ते विचारत गेले आणि ती मान हलवून नाही म्हणत गेली. मी दारात उभी होते. तिच्या गळ्याच्या शिरा ताठ झालेल्या मला दिसत होत्या. ओढणीचा बोळा तिने मुठीत आवळून धरला होता. आतला खोकला तिने दात आवळून आतच ठेवला होता, आणि समिती वर जिना चढून दिसेनाशी होईपर्यंत तो बाहेर येऊ दिला नाही. तक्रारीत तथ्य आढळलं नाही, असं समितीने लिहिलं. एका बाईने गप्प राहून आम्हा सगळ्यांना खोटं पाडलं.

मी तिला खडसवायला गेले तेव्हा ती मागच्या जिन्याच्या खालच्या पायरीवर बसलेली होती. ओठ जांभळे पडले होते. खोकून खोकून तिला उलटी झाली होती. मी पाणी दिलं, कारण समोर माणूस असं बसलेलं असताना आधी पाणीच द्यावं लागतं. ते ती प्यायली, आणि मग मी विचारलं की तू असं का केलंस. राग आला की माझ्या तोंडी घरची बोली येते, आणि ‘तुम्ही’ वगैरे सगळं गळून पडतं.

“काऊन वं, काऊन खोटं बोलली तू?”

तिने ओढणीने तोंड पुसलं. मग एकेक तुकडा दमाने बाहेर काढत म्हणाली, “माहे रिटायर व्हाले दोन वर्सं राह्यले. नोकरीवर असतानी मी गेली त वकारले नोकरी लागते. तरास हाय म्हनून सांगतलं त अनफिट करून घरी बसवतीन. मंग पोराले काय भेटते?”

वकार म्हणजे तिचा मुलगा. देऊळघाटला दुसऱ्याच्या वेल्डिंगच्या दुकानात कामाला होता. चांगला, कष्टाळू मुलगा. मला ते समजायला क्षणभर वेळ लागला. मी म्हटलं, म्हणून तू इथे मरणार?

“हे बी नोकरी आमच्या घरी अशीच आली नं,” ती म्हणाली. “तो गेला, मले लागली. पोरं जगले माहे त्याच्यावर.”

मी तिला सांगितलं की आता तसं राहिलेलं नाही, अनुकंपाची यादी इतकी लांब आहे की वकारचा नंबर लागेपर्यंत त्याची दाढी पांढरी होईल. तिचा विश्वास बसला नाही. तिला लागली होती ना, मग मुलाला कशी लागणार नाही? तिच्या डोक्यात ते पक्कं होतं. घरातला एक माणूस त्या भिंतीला टेकून संपला की दुसऱ्याला पगार सुरू होतो, हे तिने एकदा होताना पाहिलं होतं. वकारला यातलं काही माहीत नव्हतं. मी कुणाला सांगितलं तर माझं तोंड पाहणार नाही, असं ती म्हणाली. मी म्हटलं, तसंही आपण एकमेकींची तोंडं कुठे आनंदाने पाहतो.

मला तिची दया आली असं मी म्हणणार नाही. मला तिचा राग आला. सगळ्यांच्या सह्यांवर तिने बोळा फिरवला होता, प्रसेनजितच्या आजाराला खोटं ठरवलं होतं, आणि वर ती आमच्या डोळ्यांसमोर कुजत मरणार होती आणि आम्ही तिच्या तसबिरीला हार घालणार होतो. हे मी होऊ देणार नव्हते. तिथेच त्या पायरीवर मी ठरवलं की ही बाई इथून जिवंत घरी जाईल. ठरवलं ते रागानेच, त्याला दुसरं नाव द्यायची माझी इच्छा नाही.

समितीच्या अहवालाने साहेब फुलले होते. कर्मचाऱ्यांची तब्येत ही कर्मचाऱ्यांचीच जबाबदारी आहे असं त्यांनी मीटिंगमध्ये सांगितलं आणि आमच्यासाठी प्राणायामाचं शिबिर ठरवलं. अमरावतीहून मोठे साहेब उद्घाटनाला येणार होते. शिबिर वरच्या सभागृहात होतं. मी साहेबांकडे गेले, आयुष्यात पहिल्यांदा आवाजात साखर घातली आणि सुचवलं की सभागृहात रस्त्याचे हॉर्न ऐकू येतात, त्यापेक्षा रेकॉर्ड रूमची पुढची मोकळी जागा शांत आहे. शिवाय ज्या जागेबद्दल तक्रार झाली तिथेच शिबिर झालं तर तक्रार करणाऱ्यांची तोंडं कायमची बंद होतील. साहेब माझ्याकडे कौतुकाने पाहत राहिले. उशिरा का होईना अक्कल आली, असं त्यांना वाटलं असावं.

सतरंज्या टाकायचं काम नूरबीकडे. काळ्या भिंतीचा चुना आठ दिवसांतच पोपडे होऊन गळाला होता, म्हणून साहेबांनी तिच्यावर ‘निरोगी कर्मचारी, समर्थ प्रशासन’ असं मोठं बॅनर लावलं. नूरबी सतरंजी झटकत झटकत माझ्याजवळ आली.

“तुमी काय करून राह्यल्या, मले समजते,” ती दबक्या आवाजात म्हणाली.

मी म्हटलं, समजत असेल तर पहिली रांग मोठ्या साहेबांसाठी नीट टाका, बॅनरच्या अगदी जवळ.

योगशिक्षकाने आधी हळू श्वास घ्यायला लावले, मग जोरात. छाती भरून घ्या, झटक्याने सोडा, पुन्हा भरून घ्या. आम्ही रोज त्या हवेत जपून, वरवर श्वास घ्यायला शिकलो होतो. मोठ्या साहेबांना तशी सवय नव्हती. त्यांनी मनापासून छाती भरून घेतली. काही वेळाने त्यांनी घसा खाकरला. मग रुमाल काढला. मग डोळे पुसले, आणि मग जो खोकला सुरू झाला तो थांबेना. त्यांच्या मागच्या रांगेतून आणखी दोघे खोकले, आणि मग सगळ्या रांगा. योगशिक्षक स्वतः ‘श्वास सोडा’ म्हणता म्हणता ठसकले. या सगळ्यात कोपऱ्यात उभ्या नूरबीने ओढणी तोंडात कोंबली होती, पण या वेळी तिचं काही चाललं नाही. तिला जो खोकला आला तसा तिथे जमलेल्या कुणाचाच नव्हता. लाकूड चिरल्यासारखा आवाज होता तो. मोठे साहेब स्वतःचा खोकला विसरून तिच्याकडे पाहायला लागले.

ही बाई कधीपासून अशी खोकते, असं त्यांनी विचारलं. साहेब काही बोलायच्या आत प्रसेनजित उभा राहिला आणि म्हणाला की त्यांना काही त्रास नाही सर, तसं समितीने लिहून दिलंय. मोठे साहेब वर गेले, पाणी प्यायले, आणि त्यांनी माझं निवेदन मागवून घेतलं. पूर्वी ज्या इंजिनिअरना काही दिसलं नव्हतं त्यांना पुढच्या आठवड्यात तो पाइपही दिसला, भिंतही दिसली आणि पावडरही दिसली.

रेकॉर्ड वरच्या मजल्यावर हलवलं. नूरबीला रजेवर पाठवून दवाखान्यात तपासलं, औषधं सुरू केली, पण अनफिट काही ठरवलं नाही. परत आल्यावर तिचं स्टूल वरच्या मजल्यावर, उघड्या खिडकीशी मांडलं. खालचे पत्रे काढून माकडांसाठी लोखंडी जाळ्या बसवायच्या ठरल्या, आणि ते काम देऊळघाटच्या ज्या दुकानाला मिळालं तिथेच वकार कामाला होता. दोन दिवस तो आमच्या खिडक्यांवर चढून जाळ्या बसवत होता. खाली नूरबी कमरेवर हात ठेवून उभी. इतकं मन लावून काम कशाला करून राह्यला, असं ती त्याला विचारत होती. तो हसत होता. पत्रा काढल्यावर आतली भिंत उजेडात आली तेव्हा मात्र त्याचं हसू थांबलं. तो काही वेळ हातात पत्रा धरून भिंतीकडे पाहत राहिला, मग पुन्हा कामाला लागला.

त्यानंतर नूरबी माझ्याशी बोलायची पूर्ण थांबली. फाइल मात्र वेळेवर देऊ लागली, कारण जिना उतरून यायला आणि परत चढायला आता तिला वेळ लागत नव्हता. तिचा खोकला कमी कमी होत गेला. अंगावर थोडं मांस आलं. जसजशी ती बरी होत गेली तसतसं तिचं तोंड आंबट होत गेलं. कुणी तब्येत बरी दिसते म्हटलं तर ती त्याच्याकडे अशी पाहायची, जणू त्याने शिवीच दिली.

तिची दोन वर्षं संपली. निरोप समारंभ झाला. शाल, नारळ, हार. साहेबांनी भाषणात सांगितलं की प्रशासन कर्मचाऱ्यांच्या आरोग्याबाबत किती जागरूक आहे याचं नूरबी हे उदाहरण आहे. वकार आईला घरी न्यायला आला होता आणि दारापाशी उभा होता. सत्कारमूर्तींनी दोन शब्द बोलावेत अशी विनंती झाली. नूरबी उठली.

“मी जित्ती चालली घरी,” ती म्हणाली. “सारिकाबाईनं माह्या पोराची नोकरी खाल्ली. अल्ला पाहून घेईन तिले.”

मागच्या रांगेत कुणीतरी सवयीने टाळ्या वाजवल्या. बाकी सगळे आधी तिच्याकडे, मग माझ्याकडे पाहत राहिले. हळूहळू एकेकाच्या डोक्यात उजेड पडला. पण मी पाहत होते वकारकडे. त्यालाही ते कळायला माझ्यासारखाच क्षणभर वेळ लागला. मग तो पुढे आला, टेबलावरची शाल आणि नारळ उचलला आणि आईला म्हणाला, “चल अम्मी.” तिचा हात मात्र त्याने धरला नाही.

काही दिवसांनी तो माझ्या टेबलापाशी आला. खुर्ची दिली तरी बसला नाही. त्याला एकच विचारायचं होतं.

“अब्बा बी त्याच भिंतीले टेकून बसत होते का?”

मी हो म्हटलं. अब्बांना दमा घराण्यातूनच आला असं अम्मी आजवर सांगत आली, एवढंच तो म्हणाला आणि निघून गेला. त्याने माझे आभार मानले नाहीत, आणि मानले असते तर मला ते घेता आले नसते. नंतर कुणाकडून तरी कळलं की तो आईला औषधं आणून देतो, डॉक्टरकडे नेतो, पण तिच्याशी बोलत नाही. तिने त्याच्यासाठी जे करायला घेतलं होतं ते त्याला सहन होत नाही, आणि ते पुरं झालं नाही हे तिला सहन होत नाही. एका घरात दोघं असे राहतात. हेही माझ्याच खात्यावर टाकलं जातं.

मागच्या उन्हाळ्यात नूरबी मला बुलढाण्याच्या बाजारात दिसली. चढाचा रस्ता, दुपारची वेळ, दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या. तिने मला पाहिलं आणि पिशव्या न ठेवताच सुरुवात केली. माझ्या बापापासून सुरू केलं, माझ्या नोकरीवर आली, माझ्या निवेदनावर, माझ्या सतरंजीवर, माझ्या जिभेवरच्या साखरेवर, माझ्या पोराबाळांवर, आणि पुन्हा बापावर. बोलता बोलता ती चढ चढत होती. लोक थांबून पाहायला लागले. मी कडेला उभी राहून ऐकत होते. कुठे खोकला येतो याची मी वाट पाहत होते, जुनी सवय. तो कुठेच आला नाही. चढ संपला तेव्हाच तिची शिवीही संपली, आणि ती मागे न बघता निघून गेली. मी तिला माफ केलेलं नाही. पण इतक्या वर्षांत तिची शिवी शेवटपर्यंत ऐकण्याची माझी ती पहिलीच वेळ होती.